न मारलेल्या प्राण्यांचा हिशेब

कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात सापळे लावून जगणारा शिकारी म्हटला की साहसकथांनी आणि सिनेमांनी घडवलेलं एक चित्र डोळ्यांपुढे येतं: डोक्यावर फरची टोपी, खांद्यावर बंदूक, कुत्र्यांनी ओढलेली घसरगाडी आणि नजर पोहोचेल तिथवर पसरलेल्या बर्फात एकटा माणूस. तो धाडसी असतो, काटक असतो, आणि हंगामाअखेरीस त्यानं किती कातडी आणली यावर त्याचं मोठेपण ठरतं. क्री समाजातल्या ट्रॅपरचं आयुष्य या चित्रात बसवायला गेलं तर जवळपास प्रत्येक रेघ चुकते. तो एकटा नसतो. त्याचं जंगल निर्मनुष्य नसतं. आणि त्याच्या कष्टांचा मोठा भाग प्राणी मारण्यात जात नाही. तो जातो प्राणी मोजण्यात, त्यांच्या खुणा वाचण्यात आणि यंदा कोणत्या ओढ्याला हात लावायचा नाही हे ठरवण्यात. या प्रकरणात मला एक गोष्ट पुराव्यांनिशी मांडायची आहे. क्री ट्रॅपरचा हा संयम काही उपजत साधुपणातून आलेला नाही. तो एका व्यवस्थेतून आलेला आहे, आणि ती व्यवस्था ज्या ज्या वेळी मोडली त्या त्या वेळी प्राणी संपले आणि माणसंही उपाशी राहिली.

क्री हा कॅनडातल्या सर्वांत मोठ्या आदिवासी समाजांपैकी एक. अल्बर्टापासून क्वेबेकपर्यंत त्यांची वस्ती आहे, आणि एवढ्या अंतरात बोली, प्राणी, राहणीमान सगळंच बदलत जातं. म्हणून इथे एकाच मुलखाकडे पाहू. हडसन उपसागराच्या दक्षिण टोकाला जेम्स उपसागर आहे. त्याच्या पूर्वेकडच्या प्रदेशाला तिथले क्री ईयू इस्ची म्हणतात. क्षेत्रफळ महाराष्ट्राहून मोठं, सुमारे चार लाख चौरस किलोमीटर. माणसं वीस हजारांच्या आसपास, आणि गावं नऊ. हा मुलूख जवळपास ३०० शिकारक्षेत्रांत वाटलेला आहे. त्यांना ट्रॅपलाइन म्हणतात. नावावरून ती सापळ्यांची एखादी पायवाट वाटेल, पण प्रत्यक्षात तो नद्या, तळी, दलदली आणि टेकड्यांसकट शेकडो ते हजारो चौरस किलोमीटरचा तुकडा असतो. प्रत्येक तुकड्याची जबाबदारी एका जाणत्या शिकाऱ्याकडे असते. सरकारी कागदपत्रांत त्याला टॅलीमन म्हणतात. तो जमिनीचा मालक नाही, ती विकू शकत नाही. पण तिथे यंदा कोणी शिकार करायची, कुठे आणि किती, हे तो ठरवतो. एखाद्या नातलगाच्या क्षेत्रात यंदा प्राणी कमी असतील तर त्याला आपल्याकडे बोलावणं हेही त्याच्याच हातात. त्याचा शब्द चालतो तो त्या जमिनीची सर्वांत जास्त माहिती त्याला असते म्हणून.

या माहितीची किंमत कळायची तर वर्षभराचं काम पाहायला हवं. जुन्या पद्धतीत शरद ऋतूत, तळी गोठण्याआधी, दोन-तीन कुटुंबं मिळून आतल्या मुक्कामाकडे निघत. आधी होड्यांनी, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानांनी. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानं १९७४मध्ये काढलेल्या ‘क्री हंटर्स ऑफ मिस्टासिनी’ या माहितीपटात अशा तीन कुटुंबांचा हिवाळा टिपलेला आहे. ओंडके रचून, फटींत शेवाळ भरून घर उभं राहतं, आत स्प्रूसच्या फांद्या अंथरल्या जातात, आणि त्या वाळल्या की बदलल्या जातात. मग उणे तीस-चाळीस अंशांच्या थंडीत रोजची कामं सुरू होतात. पुरुष बर्फावर चालायच्या रुंद जाळीदार पायताणांच्या भूर्जाच्या चौकटी वळवतात. त्यांत कातड्याच्या वादीची जाळी विणणं हे बायकांचं कसब. सशांचे फास लावणं, गोठलेल्या तळ्याखाली मासेमारीची जाळी सोडणं, कातडी सोलून, खरवडून चौकटीवर ताणणं, मूस या मोठ्या हरणाचं जाड कातडं मेंदू चोळून आणि धुरी देऊन मऊ करणं, ही कामं बहुतांशी बायका, म्हातारी माणसं आणि मुलं करतात. एकट्या वीराच्या कथेतून ही सगळी माणसं गळून पडतात. ती नसतील तर सापळ्यात सापडलेलं जनावर बाजारात जाणारं कातडंही होत नाही आणि पोटात जाणारं अन्नही होत नाही.

अन्न हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण बाहेरच्यांना ट्रॅपर म्हणजे फरचा पुरवठादार वाटतो. जंगलातल्या कुटुंबासाठी ओढ्यांना बांध घालणारा बीव्हर हा प्राणी आधी मांस आहे, आणि त्याहून आधी चरबी. हिवाळ्यात ससे भरपूर असले तरी केवळ सशांवर माणूस जगू शकत नाही. त्यांच्या मांसात चरबी इतकी कमी असते की पोट भरूनही शरीर खंगत जातं. बीव्हर मात्र १६ ते ३० किलोंचं, चरबीनं भरलेलं जनावर, आणि शिवाय ते ठरलेल्या ठिकाणी राहतं. मूसच्या मागे दिवस दिवस जाऊन रिकाम्या हातानं परतावं लागू शकतं. बीव्हरचं घर उन्हाळ्यात पाहून ठेवलं असेल तर ते जानेवारीतही तिथेच असतं. हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. जो प्राणी पळून जात नाही तो एका हंगामात संपवता येतो.

म्हणून बीव्हरच्या बाबतीत खरी विद्या आहे ती घर वाचण्याची. बीव्हर ओढ्याला बांध घालून तळं करतो, त्यात फांद्या-चिखलाचं घर बांधतो, आणि आत जायची दारं पाण्याखाली ठेवतो. हिवाळ्यासाठी तो घराजवळ फांद्यांचा साठा बुडवून ठेवतो. जाणता शिकारी या साठ्याच्या आकारावरून आत किती तोंडं आहेत याचा अंदाज बांधतो, आणि कुरतडलेल्या लाकडावरच्या दातांच्या खुणांची रुंदी पाहून त्यांत प्रौढ किती आणि पिल्लं किती हे सांगतो. एका घरात साधारणपणे एक जोडपं, त्यांची यंदाची पिल्लं आणि गेल्या वर्षीची पिल्लं असतात. दोन वर्षांची झाली की ती वसंतात नवीन जागा शोधायला बाहेर पडतात. हे ठाऊक असेल तरच कोणत्या घरातून किती जनावरं घेतली तर घर चालू राहील हे ठरवता येतं. पोलादी सापळे येण्याआधी आणि आल्यानंतरही काही काळ, शिकारी बर्फ आणि काठ टोकदार दांड्यानं ठोकून आवाजावरून काठातली पोकळ बिळं हुडकत, वाटा खुंट्यांनी बंद करत, आणि मग जनावर काढत. ही मेहनत हाडं मोडणारी होती. जनावर सोलतानाही पाहणी थांबत नाही. चरबी किती आहे, मादीच्या पोटात किती गर्भ आहेत, यावरून त्या ओढ्याची पुढच्या वर्षाची स्थिती कळते. विद्यापीठातला प्राणिशास्त्रज्ञ ज्याला नमुना म्हणेल ते सगळं इथे रात्रीच्या जेवणाच्या तयारीत तपासलं जातं.

या माहितीचा उपयोग कसा होतो हे मानववंशशास्त्रज्ञ हार्वे फाइट यांनी वास्वानिपी या गावाच्या क्री शिकाऱ्यांमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून राहून नोंदवलं आहे. त्यांना आढळलं की शिकारी आपल्या क्षेत्राचे भाग पाडतात आणि आळीपाळीनं वापरतात. एका भागात यंदा शिकार झाली की तो पुढची काही वर्षं मोकळा सोडतात. अशा विसावलेल्या भागात घरं जास्त मिळतात आणि प्रत्येक घरात जनावरंही जास्त मिळतात, म्हणजे संयमाचा मोबदला हातात येतो. किनाऱ्यावरच्या वेमिंदजी गावातली रानहंसांची शिकार अशीच नियमांनी बांधलेली आहे. तिथे प्रत्येक ठिकाणच्या शिकारीचा एक प्रमुख असतो. वारा नसलेल्या दिवशी तो बंदुका झाडू देत नाही, कारण शांत हवेत आवाज दूरवर जाऊन सगळे थवे बिथरतात. अंधार पडल्यावर शिकार नाही. जागा आळीपाळीनं मोकळ्या ठेवायच्या. या नियमांभोवती श्रद्धेचं वेटोळं आहे. प्राणी स्वतःला शिकाऱ्याच्या हाती देतो, त्याचा मान राखला नाही तर तो पुन्हा येत नाही, बीव्हरची हाडं कुत्र्यांच्या तोंडी जाऊ न देता पाण्यात सोडावीत, अस्वलाची कवटी झाडावर टांगावी. या श्रद्धेला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण ती काय काम करते ते पाहायला हवं. ती शिकाऱ्याला सांगते की जनावर मिळालं यात केवळ तुझं कौशल्य नाही, आणि मिळेल तेवढं घ्यायचा तुला हक्क नाही.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. शेपर्ड क्रेक या मानववंशशास्त्रज्ञानं १९९९मध्ये ‘द इकॉलॉजिकल इंडियन’ या पुस्तकात मांडलं की निसर्गरक्षक आदिवासी ही गोऱ्यांनीच रंगवलेली प्रतिमा आहे. प्राणी स्वखुशीनं येतो आणि मान राखला की पुन्हा जन्मतो, ही श्रद्धा तर अतिरेकी शिकारीलाही पाठबळ देऊ शकते, आणि फरच्या व्यापारात उत्तरेकडच्या समाजांनी अनेक ठिकाणी बीव्हर संपवले हे ऐतिहासिक सत्य आहे. या आक्षेपातली माहिती मला मान्य आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं १६७०मध्ये हडसन्स बे कंपनीला सनद दिली ती बीव्हरच्या केसांसाठीच. त्याच्या आतल्या बारीक लोकरीच्या केसांना सूक्ष्म खाचा असतात, त्या एकमेकींत अडकून उत्तम नमदा होतो, आणि त्या नमद्याच्या हॅट युरोपभर विकल्या जात. युरोपातले बीव्हर तोवर जवळपास संपले होते. क्रींनी वर्षभर अंगावर वापरलेले बीव्हरचे झगे तर व्यापाऱ्यांना आणखी हवे असत, कारण घासून घासून त्यांचे वरचे राठ केस गळून गेलेले असत. सगळ्या मालाची किंमत एका उत्तम बीव्हर-कातड्याच्या एककात ठरायची. क्री या व्यवहारात भोळे नव्हते. ते निकृष्ट माल नाकारत, इंग्रजांना आणि फ्रेंचांना एकमेकांविरुद्ध खेळवत, आणि कित्येक मध्यस्थ म्हणून आतल्या समाजांशी स्वतःच व्यापार करत. यांत काही भागांतले बीव्हर खरोखरच आटले.

पण का आटले आणि कुठे आटले हे पाहिलं की क्रेक यांचा निष्कर्ष अपुरा पडतो. १८२१मध्ये हडसन्स बे कंपनीनं आपली मोठी प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी स्वतःत सामावून घेतली आणि बहुतेक उत्तर कॅनडात तिची मक्तेदारी झाली. त्यानंतर तिचा कारभारी जॉर्ज सिम्प्सन यानं मक्तेदारीच्या भागात बीव्हरची शिकार आवरायचे आदेश दिले, ठाण्यांना मर्यादा घातल्या. त्याच काळात, त्याच कंपनीनं, त्याच सिम्प्सनच्या आदेशानं, पश्चिमेकडच्या स्नेक नदीच्या खोऱ्यात बीव्हर मुळासकट संपवायला तुकड्या पाठवल्या. कारण तिथे अमेरिकन शिकारी येत होते, आणि बीव्हरच राहिले नाहीत तर ते येणार नाहीत असा हिशेब होता. लंडनमध्ये बसून नफा-तोटा पाहणारी कंपनी एकाच वेळी राखणदारही होती आणि संहारकही. फरक एवढाच होता की एका ठिकाणी राखलेलं जनावर पुढच्या वर्षी आपल्यालाच मिळणार याची खात्री होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती. ही खात्री हाच माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. क्री माणूस असो की इंग्रज व्यापारी, आज सोडलेलं जनावर उद्या परका माणूस नेणार असेल तर ते सोडण्यात काही अर्थ राहत नाही.

जेम्स उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर ही खात्री विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीशी झाली. दक्षिणेकडून रेल्वे आली, तिच्यासोबत बाहेरचे गोरे ट्रॅपर आले. रेव्हियों फ्रेर ही फ्रेंच फर कंपनी किनाऱ्यावर ठाणी उघडून बसली होती, आणि पहिल्या महायुद्धानंतर फरचे भाव चढले. बाहेरून आलेला ट्रॅपर एक ओढा धुऊन काढायचा आणि पुढच्या ओढ्याकडे सरकायचा. त्याला तिथे नातवंडं वाढवायची नव्हती. आपण राखलेली घरं अशी रिकामी होताना पाहिल्यावर क्री शिकाऱ्यांचाही हात सुटला. १९२०च्या दशकाअखेरीस रुपर्ट हाउस या ठाण्याभोवती बीव्हर जवळपास नामशेष झाले होते आणि लोक उपासमारीनं मरत होते. ठाण्याचा व्यवस्थापक जेम्स वॉट यानं शिकाऱ्यांना जिवंत बीव्हरच्या घरांसाठी स्वतःच्या खिशातून पैसे दिले, ते घर न मोडण्याच्या अटीवर. त्याची बायको मॉड वॉट हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीनं प्रवास करत क्वेबेक शहरापर्यंत गेली आणि सरकारकडून सुमारे साडेअठरा हजार चौरस किलोमीटरचा पट्टा बीव्हरसाठी राखीव करून घेतला. १९३२मध्ये तो मंजूर झाला. १९४०पर्यंत तिथे बीव्हर मारले गेले नाहीत, आणि संख्या इतकी वाढली की नंतर हीच पद्धत उत्तर क्वेबेकभर पसरली.

ही कथा सांगताना वॉट दांपत्याचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण त्या राखीव क्षेत्राचं रोजचं काम कोणी केलं हे फारसं सांगितलं जात नाही. घरं मोजली क्री शिकाऱ्यांनी. क्षेत्राच्या सीमा आखल्या त्या कुटुंबांच्या जुन्या शिकारमुलखांवरून. टॅलीमन नेमले गेले ते बहुतेक ठिकाणी आधीपासून ज्यांचा शब्द चालत होता तेच. बाहेरच्यांना मज्जाव झाला, आणि जुनी व्यवस्था पुन्हा चालू झाली. उपासमारीत असतानाही लोकांनी समोर दिसणाऱ्या बीव्हरच्या घराला अनेक वर्षं हात लावला नाही, याहून मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

याच टप्प्यावर दुसरा आक्षेप घेतला जातो. फ्रँक स्पेक या अभ्यासकानं १९१५च्या सुमारास लिहिलं होतं की कुटुंबागणिक शिकारमुलूख ही या समाजांची प्राचीन रीत आहे. एलेनोर लीकॉक यांनी १९५४मध्ये शेजारच्या इन्नू समाजाच्या अभ्यासातून दाखवलं की ती रीत फरच्या व्यापारातून घडली. त्याआधी शिकार गटानं आणि वाटून खाण्यावर चालायची. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो ती बाजाराचीच देणगी ठरते, असा त्याचा अर्थ लावला जातो. लीकॉक यांचा पुरावा भक्कम आहे, आणि इतिहासात बाजाराचा वाटा नाकारण्याचं कारण नाही. पण व्यवस्था केव्हा जन्मली यावरून ती कोणाची हे ठरत नाही. बाजारानं प्रश्न आणला; त्याचं उत्तर, म्हणजे जाणत्याचा शब्द, आळीपाळीची विश्रांती, नातलगाला आपल्याकडे बोलावण्याची मुभा, हे क्रींनी आपल्या नात्यागोत्यांतून आणि श्रद्धांतून घडवलं. शिवाय मुलूख वाटलेला असला तरी मांस वाटून खायची रीत मोडली नाही. वेगवेगळ्या शतकांत भर पडत गेलेली व्यवस्था खोटी ठरवायची तर जगातल्या कोणत्याच परंपरेला खरं म्हणता येणार नाही.

व्यवस्था शिकवावी लागते, ती रक्तात नसते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९८०च्या दशकातला आहे. कॅरिबू हे उत्तरेकडचं हरिण चिसासिबी गावाच्या परिसरात अनेक दशकं दिसलं नव्हतं. १९१०च्या दशकात नव्या जलद बंदुकांनी आतल्या भागात त्यांची बेसुमार कत्तल झाली, आणि कळप नाहीसे झाले. जेव्हा ते परतले तेव्हा कॅरिबूची शिकार केलेले फार थोडे लोक हयात होते. पर्यावरण-अभ्यासक फिक्रेत बर्केस यांनी त्या काळातली हकिगत नोंदवली आहे. एका हिवाळ्यात रस्त्यालगत आलेल्या कळपांवर तरुणांनी बेफाम गोळीबार केला, गरजेपेक्षा जास्त जनावरं मारली, काही जखमी सोडली, मांस वाया गेलं. पुढच्या हिवाळ्यात कळप त्या बाजूला फारसे फिरकले नाहीत. मग गावाच्या सभेत दोन वृद्ध शिकाऱ्यांनी जुन्या कत्तलीची गोष्ट सांगितली, आणि प्राण्याचा मान न राखल्यानं काय झालं ते सांगितलं. त्यानंतरच्या हंगामात शिकार शिस्तीत झाली. इथे क्री तरुण चुकले आणि क्री म्हाताऱ्यांनी त्यांना सुधारलं. आदिवासी म्हणजे जन्मजात निसर्गरक्षक अशी आपली समजूत असेल तर हा प्रसंग अडचणीचा वाटेल. मला तो आशेचा वाटतो, कारण जे शिकवलं जातं ते जपताही येतं.

त्या दशकाआधीच या मुलखावर सर्वांत मोठा घाला आला होता. १९७१मध्ये क्वेबेक प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, रॉबर्ट बुरासा यांनी जेम्स उपसागराकडे वाहणाऱ्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्पाची घोषणा केली. क्रींना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी न्यायालयात धाव घेतली. एकामागून एक शिकारी साक्षीला उभे राहिले आणि आपल्या नद्यांवर काय काय जगतं ते सांगू लागले. न्यायमूर्ती आल्बेर मालूफ यांनी नोव्हेंबर १९७३मध्ये काम थांबवायचा आदेश दिला. आठवडाभरात वरच्या न्यायालयानं तो उठवला. शेवटी ११ नोव्हेंबर १९७५ला करार झाला. धरणं झाली, शिकारमुलूख बुडाले, आणि जलाशयांतल्या माशांत पारा इतका वाढला की मासे किती खावेत यावर मर्यादा घालावी लागली. पण त्या करारातून एक विलक्षण योजनाही निघाली. वर्षातला ठरावीक काळ जंगलात राहून शिकारीवर जगणाऱ्या कुटुंबांना १९७६पासून उत्पन्नाची हमी मिळू लागली, आणि ती रक्कम कातड्यांच्या संख्येवर ठरत नाही. जंगलात काढलेल्या दिवसांवर ठरते. माणसं जंगलात परतली. फाइट यांना आढळलं की शिकारी वाढले त्या प्रमाणात बीव्हर आणि मूसची शिकार वाढली नाही. ज्यांना वाटतं की ट्रॅपरला फक्त कातडं दिसतं, त्यांनी या अनुभवाचं उत्तर द्यायला हवं. कातड्यासाठी पैसे मिळणं थांबलं नव्हतं, पण जगण्यासाठी जास्त मारायची सक्ती उरली नाही, तेव्हा टॅलीमनच्या हिशेबाला पुन्हा मोकळीक मिळाली.

आता कोणी म्हणेल की ही सगळी जुनी गोष्ट आहे. आजचा क्री शिकारी स्नोमोबाइलवर बसतो, रायफल वापरतो, सरकारी मदत घेतो, मग त्याला वेगळं म्हणायचं कशासाठी? मुळात क्री शिकाऱ्यानं हत्यार बदलायला कधीच नकार दिला नाही. हाडाच्या अवजारांऐवजी लोखंड, फासाऐवजी पोलादी सापळा, आणि पुढे १९५०च्या दशकात फ्रँक कोनिबेअर या ट्रॅपरनं बनवलेला, जनावराला अडकवून न ठेवता तात्काळ मारणारा सापळा, हे सगळं त्यानं घेतलं. हत्यार जितकं जलद, तितकं काय सोडायचं हे ठरवणारं डोकं जास्त लागतं. यंत्र आलं म्हणून टॅलीमनची गरज संपली नाही, वाढली. कॅरिबूच्या प्रसंगानं हेच दाखवलं.

आणि क्रौर्याचं काय? हा आक्षेप मी सर्वांत जड मानतो. सापळ्यातलं जनावर वेदनेत मरू शकतं, आणि पायाला पकडून तासन्‌तास अडकवून ठेवणाऱ्या जुन्या सापळ्याचं समर्थन मी करणार नाही. युरोपीय समुदायानं १९९१मध्ये अशा सापळ्यांवर बंदी आणली, आणि १९९७च्या आंतरराष्ट्रीय करारानं सापळ्यात जनावर शुद्ध हरपून पडायला किती वेळ लागावा याची मर्यादा घातली, मार्टेन या लहान प्राण्यासाठी १२० सेकंद, बीव्हरसाठी ३००. हे योग्य पाऊल होतं. पण त्याच काळात फरविरोधी मोहिमांनी फरचा बाजारच पाडला, आणि त्याचा फटका फॅशनच्या दुकानदारांपेक्षा जास्त बसला तो दूरच्या वस्तीतल्या कुटुंबांना. फरचे पैसे आटले की काडतुसं, पेट्रोल आणि विमानाचं भाडं परवडत नाही; जंगलात जाणं कमी होतं; आणि ज्या नद्यांवर कोणी राहत नाही त्या नद्यांवर धरण बांधणं, ज्या जंगलात कोणी जात नाही ते तोडणं, सोपं होतं. एका जनावराची वेदना मोजताना अख्ख्या अधिवासाचा नाश हिशेबात धरला नाही तर तो हिशेब अपुरा आहे. कॅनडाच्या उत्तरेत बीव्हरच्या अधिवासाला धरणांचा आणि सरसकट वृक्षतोडीचाही धोका आहे.

या व्यवस्थेवर सर्वांत खोल वार मात्र शाळांनी केला. सरकारनं आणि चर्चनं चालवलेल्या निवासी शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना हिवाळाभर आईबापांपासून तोडलं, त्यांची भाषा बंद केली. जो हिवाळा मुलगा जंगलात वडिलांसोबत काढत नाही, त्या हिवाळ्यात त्याला फांद्यांचा साठा वाचायला कोणी शिकवत नाही. २००८मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या शाळांबद्दल माफी मागितली. आज क्री गावांच्या शाळा वसंतात रानहंसांच्या शिकारीसाठी बंद असतात, म्हणजे मुलांनी ते दिवस कुटुंबासोबत शिकारतळावर काढावेत. ही सुट्टी मी अभ्यासक्रमाचाच भाग मानतो.

शेवटचा पुरावा सरकारी आहे. ७ फेब्रुवारी २००२ला क्वेबेक सरकार आणि क्री यांच्यात नवा करार झाला. त्यात जंगलतोडीचं नियोजन ट्रॅपलाइन हे एकक धरून करायचं ठरलं. प्रत्येक ट्रॅपलाइनमधला एक टक्का भाग कुटुंबानं निवडलेल्या खास जागांसाठी आणि २५ टक्के भाग प्राण्यांच्या अधिवासासाठी वेगळ्या नियमांखाली ठेवायचा, आणि या जागा टॅलीमननं दाखवायच्या. म्हणजे ज्या राज्यानं त्याच्या तीस वर्षं आधी कोणालाही न विचारता नद्या वळवायला घेतल्या, त्याच राज्याला जंगल समजून घ्यायला शिकाऱ्याच्या नकाशाकडे यावं लागलं. २०२३च्या उन्हाळ्यात उत्तर क्वेबेकमध्ये अभूतपूर्व वणवे पेटले, क्री गावं रिकामी करावी लागली, कित्येक ट्रॅपलाइन जळाल्या. अशा जमिनीवर अनेकदा आधी अ‍ॅस्पेन आणि भूर्ज उगवतात, मग बीव्हर परततो, आणि तो कोणत्या ओढ्यावर परतला हे तिथे जाणाऱ्यालाच कळतं. तिथली उरलेली झाडं कधी आणि किती तोडायची, याबाबत आज टॅलीमनचं मत विचारलं जातं, पण ते नाकारण्याचा अंतिम अधिकार त्याला नाही. तो त्याला मिळायला हवा.